नाण्याखालची तीन भोकं

शिकारीच्या खोपटात, चुलीवरच्या भिंतीला, टोर्गनीचा नेमबाजीचा कागद टाचलेला होता. कागदावर गोळ्यांची तीन भोकं होती, इतकी जवळजवळ की पाच क्रोनरचं एक नाणं ठेवलं तर तिन्ही झाकली जायची. शिकारीच्या टोळीत नवा माणूस आला की टोर्गनी खिशातून नाणं काढायचा, भोकांवर धरायचा आणि एक शब्द न बोलता बाजूला करायचा. मग कॉफी व्हायची. टोर्गनी कित्येक वर्षं टोळीचा म्होरक्या होता आणि त्याचा नेम कसा आहे असं कुणी विचारलं, की लोक त्या भिंतीकडे बोट दाखवायचे.

इल्वा लहान असताना तीही दाखवायची. पुढे ती भौतिकशास्त्र शिकली, तालुक्याच्या शाळेत शिकवायला लागली, आणि एकदा कॉफीचा कप हातात घेऊन त्या कागदाकडे बघताना तिच्या लक्षात आलं की ही भोकं रायफलीबद्दल बरंच काही सांगतात, टेबलाबद्दल सांगतात, नळीखाली ठेवलेल्या वाळूच्या पिशवीबद्दल सांगतात. माणसाबद्दल एवढंच सांगतात, की त्याला खुर्चीवर स्वस्थ बसता येतं. तिला मनातल्या मनात हसू आलं आणि तिने तो विषय तिथेच सोडला.

यंदा मात्र तिला हसू आलं नाही. त्याला कारण तिचे बाबा.

टोळीचा एक नियम होता, आणि तो टोर्गनीनेच केला होता. एका वसंतात बर्फ वितळल्यावर ओढ्याकाठी एक मेलेला मूस, म्हणजे घोड्याएवढं उंच रानटी हरीण, सापडला होता. जबड्याला गोळी लागलेली, उपाशी मेलेला. तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये सगळ्यांनी गावच्या नेमबाजीच्या मैदानावर जायचं. तिथे रुळांवर एक लाकडी मूस धावतो, खऱ्याइतकाच उंच. त्याच्यासमोर दोन पायांवर उभं राहायचं. टेबल नाही, वाळू नाही, टेकायला काही नाही. दोन गोळ्या तो उभा असताना मारायच्या, दोन धावताना. चारही खांद्यामागच्या वर्तुळात पाहिजेत, आणि ते वर्तुळ जेवणाच्या थाळीएवढं. एक जरी बाहेर गेली, तर यंदा रायफल घरी ठेवायची आणि काठी घेऊन जनावरं उठवणाऱ्या हाकेवाल्यांत चालायचं.

बाबांच्या तीन गोळ्या आत बसल्या. चौथी मागे गेली. टोर्गनी मातीच्या बांधाआडून बाहेर आला, लाकडी मुसासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "एवर्त, पोटात."

बाबांनी जवळ जाऊन पाहिलं. "हो. पोटात," ते म्हणाले, आणि त्यांनी रायफल पिशवीत घातली. विशीपासून शिकारीचा एकही सप्टेंबर न चुकवलेला माणूस, त्र्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच काठी घेऊन निघणार होता. इल्वाला वाईट वाटलं, पण राग आला नाही. गोळी पोटात गेली होती. मोजमापावर रुसून काय करायचं?

त्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर सिक्स्तेनने सहज विचारलं होतं, "टोर्गनी, आणि तुझं?" सिक्स्तेन म्हणजे इल्वाचा शेजारी. टोळीतल्या निम्म्या थट्टा त्याच्या असतात आणि उरलेल्या निम्म्यांवर तोच आधी हसतो.

"मी गाडा ओढू का बंदूक मारू?" टोर्गनी म्हणाला. लाकडी मूस ओढणाऱ्या यंत्राची किल्ली त्याच्या कमरेला असायची. "माझा कागद भिंतीवर आहे. जाऊन बघ."

सगळे हसले. दर वर्षी हे असंच व्हायचं आणि दर वर्षी सगळे हसायचे. टोर्गनी मुसासमोर कधीच उभा राहिला नव्हता, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण प्रत्येक वेळी मैदानावर सगळ्यांत जास्त तोच राबत असायचा.

शिकारीच्या पहिल्याच आठवड्यात ते ध्यानात आलं.

टोर्गनी दलदलीच्या काठच्या मचाणावर होता. इल्वा टेकाडापलीकडच्या मचाणावर होती. दक्षिणेकडून हाकेवाले झाडांवर काठ्या आपटत येत होते. त्यांच्यात बाबा होते. एकच गोळी वाजली. सगळे दुसरीची वाट पाहत थांबले. ती आलीच नाही. मग वायरलेसवर टोर्गनी बोलला.

"मोठा नर होता. चुकली. ओढ्याकडे पळाला. जागा सोडू नका, हाका पुढे चालू द्या."

थोड्या वेळाने बाबांचा आवाज आला, धापा टाकत. "टोर्गनी, तो पडला होता. मी उंचवट्यावरून बघितलं. धोंड्यासारखा पडला आणि मग उठला."

वायरलेस खरखरला. "एवर्त, डोळे इतके चांगले असते तर आज हातात काठी नसती. चल पुढे."

आणि कुणीतरी हसलं. बटण दाबून हसलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. सिक्स्तेनचं हसू सगळी दरी ओळखते.

इल्वाचे कान तापले. अपमान तर झालाच होता, पण त्याहून जास्त जळत होतं ते त्या बोलण्यातलं खोटं. कमी दिसणाऱ्या माणसाला काही दिसलं नाही, असं होऊ शकतं. धोंड्यासारखा पडला आणि उठला, हे त्याला कसं दिसेल? ते ज्याने पाहिलं तोच सांगू शकतो. आणि त्याचा अर्थ टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होता. गोळी कण्याच्या वरून जाते, पाठीच्या हाडांच्या टोकांना फोडून जाते. जनावर क्षणभर सुन्न होऊन कोसळतं, मग उठतं आणि चालत राहतं. कित्येक दिवस चालत राहतं, पाठीत उघडी जखम घेऊन. टोर्गनीला हे माहीत नव्हतं असं मुळीच नव्हतं. आणि त्याने तो पडताना पाहिला नव्हता, असंही नव्हतं.

तिने रायफल रिकामी केली. "मी खाली उतरतेय," तिने वायरलेसवर सांगितलं. "माझ्या बाजूला कुणी मारू नका." हाका चालू असताना जागा सोडणं म्हणजे टोळीत मोठा गुन्हा. तिने तो पहिल्यांदाच केला. रस्त्यावरच्या गाडीतून तिने तुस्सेला काढलं. तुस्से म्हणजे तिचा करडा कुत्रा, जखमी जनावराचा माग काढायला तयार केलेला. आणि ती टोर्गनीच्या मचाणाकडे निघाली.

तो वर बसून थर्मासातून कॉफी ओतत होता.

"काका, जागा बघितलीत का?" लहानपणापासून ती त्याला काकाच म्हणायची.

"चुकलेल्या गोळीची जागा काय बघायची?"

"गोळी सुटली की जागा बघायची, लागो न लागो. नियम तुमचाच आहे."

"नियम मला शिकवतेस, पोरी?"

ती शिडी चढून वर गेली. मचाणाच्या कठड्याच्या फळीवर दगडफुलासारखं करडं शेवाळ वाढलं होतं आणि त्यात बोटभर रुंदीचा ताजा चरा होता. खालचं लाकूड पांढरं दिसत होतं. त्याने नळी थेट फळीवर टेकवली होती. खाली वाळूची पिशवी असली की नळी शांत राहते. लाकडावर टेकवली की गोळी सुटताना ती वर उसळते आणि गोळीही वर जाते. बाबांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, लाकूड आणि लोखंडाच्या मध्ये हात पाहिजे. वसंतापासून ती रोज संध्याकाळी एकच गोळी मारायची, थंड नळीतून, कधी बसून, कधी झाडाला टेकून, कधी चढण धावत चढून धापा टाकताना. जंगलात पहिलीच गोळी खरी असते. तीन गोळ्यांचा पुंजका जंगलात कुणी मागत नाही. ज्याला उभ्याने मारायची सवय असते तो हात मध्ये घालतो. ज्याला फक्त टेबलाची सवय, तो मिळेल त्या फळीला टेबल समजतो.

ती खाली उतरली, मूस जिथे उभा होता तिथे गेली. तुस्सेने मान खाली घातली आणि दोरी ताणली. गवतात केस पडले होते, लांब, जाडसर, काळ्या टोकांचे. पायावरचे केस आखूड असतात, पोटावरचे फिके. हे खांद्यावरच्या उंचवट्यावरचे होते. तिने ते तळहातावर घेऊन टोर्गनीला दाखवले.

"जनावरं झाडाला अंग घासतात," तो म्हणाला. "केस पडतात."

"घासून पडलेल्या केसाला मूळ असतं. हे कापलेले आहेत."

त्याने केसांकडे पाहिलंच नाही. उजेड जायला लागलाय, म्हणाला. अजून दोन जनावरं मिळायचीत, माणसं सुट्ट्या काढून आलीत, माग काय तो सकाळी काढू, रात्रीत कुठे जातोय.

रात्रीत तो कुठे जातो, हे त्या ओढ्याकाठच्या उपाशी मुसाला विचारायला हवं होतं. पण इल्वाने वाद घातला नाही. तिने लाल फीत काढली आणि मचाणासमोरच्या बर्चच्या फांदीला बांधली, बरोबर त्याच्या नजरेच्या उंचीवर, म्हणजे तिथे बसून तिच्याकडे न बघणं त्याला जमलंच नसतं. मग वायरलेसवर सांगितलं की गोळी लागली आहे, केस मिळाले आहेत, मी कुत्रा घेऊन मागावर जातेय, आणि टोळीच्या नियमाप्रमाणे हाका इथे थांबतो. हाका थांबवायचा अधिकार म्होरक्याचा. खरखर ऐकू येत राहिली.

मग बाबा म्हणाले, "थांब. मी येतो."

माग कठीण नव्हता, फक्त खाली पाहून दिसणारा नव्हता. जमिनीवर रक्त जवळजवळ नव्हतंच. स्प्रूसच्या फांद्यांवर होतं, इल्वाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, जिथे जनावराची पाठ घासून गेली होती. तुस्से नाक वर करून चालला होता. इल्वा बोलत राहिली. टोर्गनीबद्दल, त्या कागदाबद्दल, सिक्स्तेनच्या हसण्याबद्दल, गप्प बसलेल्या बाकीच्यांबद्दल. तिचे शब्द संपले की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मागून बाबा अधूनमधून एवढंच म्हणायचे, "पायाखाली बघ."

दलदलीच्या पलीकडच्या टोकाला, खुरट्या बर्चांमध्ये, तो उभा होता. मान खाली, आडवा, शाळेच्या मैदानाच्या लांबीएवढा दूर. वारा त्यांच्या तोंडावर होता. मागचे पाय मध्येच थरथरत होते, पण तो बसत नव्हता. पाठीवर काळसर चकाकत होतं.

इल्वाला धाप लागली होती आणि चढापेक्षा रागाचीच जास्त. तिने रायफल बाबांसमोर धरली.

"तुम्ही मारा. तुमचंच खरं होतं. तुम्हीच मारा."

बाबांनी हात मागे घेतले. "ऑगस्टात माझी एक पोटात गेली. ही कुठे जाईल ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

ती खरोखरच विचार करत राहिली. रोज संध्याकाळची ती एकेक गोळी तिच्या डोळ्यांपुढून गेली, चुकलेल्यांसकट. या अंतरावरून, झाडाला टेकून, एकही चुकलेली तिला आठवेना.

"हो," ती म्हणाली.

"मग मला कशाला देतेस?" असं म्हणून त्यांनी तुस्सेची दोरी घेतली.

तिने डावा तळहात पाइनच्या सालीवर दाबला आणि अंगठ्याच्या बेचक्यात रायफल ठेवली. श्वास खाली बसेपर्यंत ती थांबली. राग कुठे जाणार नव्हता, तो नंतरही मिळाला असता. गोळी सुटली. मूस दोन पावलं पुढे गेला, गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. या वेळी उठला नाही.

पाठीवर हात मावेल एवढी चर होती आणि तिच्यात माश्या बसायला लागल्या होत्या. बाबांनी हातमोजा काढला, त्याच्या कानामागे हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. नंतर त्यांनी वायरलेसवर जागा सांगितली. जास्त काहीच बोलले नाहीत. पडला होता, हेही नाही.

इल्वाला वाटलं होतं की आता टोर्गनी काहीतरी म्हणेल. तो ट्रॅक्टर घेऊन आला, मुसाला साखळी लावली, दलदल चुकवून सफाईने बाहेर काढलं. पाठीवरची चर त्याने पाहिली. "असं होतं कधी कधी," म्हणाला. सिक्स्तेन त्या दिवशी हसला नाही, पण त्यानेही तोंड उघडलं नाही.

मांस आठवडाभर टांगून ठेवतात आणि शनिवारी वाटतात. वाटायची रीत जुनी आहे. लांब टेबलावर सारखे वाटे मांडायचे. टोळीतला सगळ्यांत वयस्क माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. म्होरक्या एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. त्याला वाटा दिसत नाही आणि विचारणाऱ्याला नाव ठरवता येत नाही. म्हणून आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"हा कुणाचा?"

"सिक्स्तेनचा."

"हा?"

"इल्वाचा."

इल्वा वाट बघत होती की बाबा टोर्गनीचं नाव गाळतील. तिला ते व्हायला हवं होतं. पण बाबांनी ते घेतलं, बाकीच्यांसारखंच, त्याच आवाजात, आणि चांगला फऱ्याचा वाटा टोर्गनीला गेला. तिला बाबांचाही राग आला. इथे पाठ फिरवून वाटायचं, आणि मैदानावर तोंड बघून. एकाच टोळीत दोन रीती, आणि कुणाला त्याचं काही नाही.

वाटे संपल्यावर टोर्गनीने हात पुसले. सोमवारी नेहमीच्या वेळेला जमायचं, म्हणाला, मचाणं तीच राहतील. आणि गेल्या आठवड्याच्या त्या गोष्टीचा आता कीस काढू नये. "चांगल्यात चांगल्या नेमबाजाचाही एखादा दिवस वाईट असतो."

"चांगला नेमबाज कुणी बघितला?" इल्वाने विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. बाबाही भिंतीपासून वळले.

"म्हणजे?" सिक्स्तेन म्हणाला. "तो कागद..."

"तो कागद टेबलाचा आहे. टेबलाचा नेम चांगला आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही."

सिक्स्तेनला हसू फुटलं. त्याने ते आवरायचा प्रयत्न केला, पण ते आलंच, आणि या वेळी ते दुसऱ्या दिशेला गेलं. टोर्गनीची मान लाल झाली. ते मैदान त्याने स्वतःच्या हातांनी बांधलं, रूळ त्याने टाकले, गाडा त्याने ओढला, एवढं करून त्याची परीक्षा घ्यायची ती कालच्या पोरीने, असं तो बरंच काही बोलला. त्यातलं मैदानाबद्दलचं सगळं खरं होतं.

इल्वाने हात पुढे केला. "टोर्गनी, किल्ली द्या. आज गाडा मी ओढते."

काका म्हटलं नाही, हे तिला तोंडातून गेल्यावर कळलं. त्यालाही कळलं.

मग बाबा म्हणाले, "मी मारल्या ना सगळ्यांसमोर, टोर्गनी. मारताना काही वाटत नाही. नंतर वाटतं."

टोर्गनीने किल्ली तिच्या हातावर ठेवली नाही, टेबलावर ठेवली, मांसाच्या शेजारी. पण ठेवली.

मैदानावर टोर्गनी रायफल घेऊन उभा राहिला. बांधाआडच्या खड्ड्यात बसून इल्वाने लाकडी मूस बाहेर काढला आणि थांबवला. एक गोळी. बऱ्याच वेळाने दुसरी. मग तिने यंत्र सुरू केलं, आणि मूस रुळांवरून खडखडत गेला आणि परत आला. चारही वाजल्यावर ती बाहेर आली. पहिल्या दोन वर्तुळात होत्या. एक खांद्याच्या उंचवट्यावर होती, वर, बरोबर त्या चरीच्या जागी. चौथी लाकडात कुठेच नव्हती.

टोर्गनी चालत आला. नुसत्या सवयीनं त्याने खिशातून भोकं बुजवायच्या चिकटपट्ट्यांची गुंडाळी काढली आणि वरच्या भोकाकडे हात नेला. इल्वाने त्यावर तळहात ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "सगळ्यांना येऊन बघू दे."

सगळे आले आणि त्यांनी बघितलं. घरी जाताना गाडीत इल्वाला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. इतकी वर्षं टोर्गनी त्या मचाणावरून "चुकली" म्हणत आला होता, आणि त्यातल्या किती खरोखर चुकल्या होत्या, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

सोमवारी टोर्गनी रायफल न घेता आला. कोपऱ्यातली एक काठी उचलली आणि हाकेवाल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. दलदलीच्या मचाणावर इल्वाला बसवलं होतं. लाल फीत अजून फांदीवर होती. तिने कठड्यावर हात ठेवला, हातावर रायफल ठेवली आणि ती थांबली. हाका सुरू व्हायच्या आधी वायरलेस खरखरला.

"एवर्त," टोर्गनीचा आवाज आला. सगळ्यांना ऐकू जाणार होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. "त्या दिवशी तो पडला होता."

इल्वाने दात आवळले. पडला होता, म्हणे. जणू मूस आपला आपणच पडला होता. मी पाडला, मी पाहिलं, मी खोटं बोललो, यातलं काहीच त्याच्या तोंडून आलं नव्हतं. बोलण्यासाठी तिने बटणावर बोट ठेवलं.

पण बाबा आधी बोलले.

"ओढ्याच्या डावीकडे राहा, टोर्गनी," ते म्हणाले. "उजवीकडे पाय रुततात. तुला माहीत नसेल, तू तिथून कधी चालला नाहीस."